विषय : वरच्या मजल्याच्या रॅम्पचा चढ, चार फोन आणि 'दोन दिवस खाणं बंद करा' हा सल्ला

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

दहा मिनिटांपूर्वी तुमच्या माणसाने माझा चौथा फोन संपवला आणि पाठोपाठ मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' ती निकाली निघालेली नाही. माझा प्रश्न एका ओळीचा होता आणि आजही तोच आहे: तुमच्या गिनीपिगच्या पिंजऱ्याला वरून जोडायच्या मजल्याबरोबर येणाऱ्या रॅम्पचा चढ किती अंशांचा आहे? हा आकडा तुमच्या खोक्यावर नाही, माहितीपत्रकात नाही आणि चार फोन करूनही तुमच्या एकाही माणसाला सांगता आला नाही.

शेवटी मीच मोजला. मजला तळापासून ४० सेंटिमीटर वर बसतो. रॅम्प ५५ सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे चढ जवळजवळ ४७ अंशांचा झाला. गिनीपिगसाठी ३० अंश ही वरची मर्यादा धरतात, त्याहून कमी असेल तर चांगलंच. ३० अंशांसाठी रॅम्पची लांबी उंचीच्या दुप्पट लागते, म्हणजे इथे ८० सेंटिमीटर. हे शाळेतलं गणित आहे. रॅम्प बनवताना ते तुमच्याकडे कुणीतरी मांडलंच असेल. मांडलं असेल तर ५५ चा रॅम्प विकायला कसा काढलात, आणि मांडलं नसेल तर खोक्यावर गिनीपिगचा फोटो कशाच्या भरवशावर छापलात?

मी हा मजला डोळे झाकून घेतलेला नाही. घेण्याआधी पहिला फोन केला तो एवढंच विचारायला, की लावू का नको. माझ्याकडे दोन माद्या आहेत. भुरी पाच वर्षांची, वजन ११०० ग्रॅम, मागचे पाय आता आखडल्यासारखे टाकते. चिंगी अकरा महिन्यांची. तुमच्याच १२० बाय ६० च्या पिंजऱ्यात दोघी राहतात. हे सगळं मी फोनवर सविस्तर सांगितलं होतं. उत्तर मिळालं, 'बिनधास्त लावा मॅडम, जागा दुप्पट होते.' खोक्यावरही ठळक अक्षरांत तेच, 'जागा दुप्पट'.

दुप्पट कशी होते ते मला समजावून सांगा. खालचा तळ ७२०० चौरस सेंटिमीटर. वरचा मजला ६० बाय ६०, म्हणजे ३६०० चौरस सेंटिमीटर. बेरीज दीडपट होते. त्यातून रॅम्प खाली टेकतो तिथली ३८ बाय १५ ची पट्टी वजा करा. आणि मुळात वरची जागा या हिशेबात धरायचीच नसते. दोन गिनीपिगना कमीत कमी साडेसात चौरस फूट सलग तळ हवा आणि साडेदहापर्यंत गेला तर उत्तम, असं हे प्राणी पाळणारी जाणती माणसं सांगतात, ते सलग तळाबद्दल सांगतात. गिनीपिग झाडावर चढणारा प्राणी नाही. त्याचे रानटी भाईबंद उंच गवतातून पायवाटा पाडून जमिनीलगत पळतात. चिंगी खुशीत आली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट धावते आणि मधेच चारी पाय उचलून लाह्या फुटाव्यात तशी उडते. त्यासाठी तिला सरळ मोकळी लांबी लागते. तुमचा मजला लावल्यावर त्या लांबीत रॅम्प आडवा आला आणि धावणं थांबलं. जागा वाढवायची म्हणून आणलेल्या वस्तूने होती ती जागा कमी केली.

आता काय झालं ते सांगते. लावल्यानंतर तिसऱ्या दिवशी चिंगी वरून उतरत होती. वर चढताना गिनीपिग जोर लावून कसाबसा चढतो, खरी अडचण उतरताना. डोकं खाली, सगळा भार पुढच्या पायांवर आणि खाली जमीन किती लांब आहे याचा त्याला नीट अंदाज येत नाही. रॅम्प १५ सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही कडांना काठ नाही. अर्ध्यावर घाबरली तरी तिला वळता येत नाही, कारण तिचं अंगच २५ सेंटिमीटर लांब आहे. ती घसरली. रॅम्पचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा, आणि रॅम्प मजल्याला जिथे अडकतो तिथे दोन सेंटिमीटरची फट. मागच्या उजव्या पायाचं मधलं नख त्या फटीत अडकलं आणि ती खाली ओढली गेली. गिनीपिगच्या मागच्या पायाला तीनच बोटं असतात. त्यातल्या एकाचं नख मुळापासून उपटलं. ती ओरडली तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खाण्यासाठी शिट्ट्या घालते तो आवाज वेगळा. हा बारीक, लांबलेला होता आणि थांबत नव्हता. तळावर अंथरलेल्या पांढऱ्या फ्लीसवर, म्हणजे मऊ लोकरी कापडावर, रक्ताचे ठिपके पडले होते आणि भुरी कोपऱ्यातल्या घरात शिरून दगडासारखी बसली होती.

डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली आणि रॅम्पचा फोटो बघून म्हणाले की पाय मोडला नाही हे नशीब. त्यांनी हेही सांगितलं की जाळीच्या पृष्ठभागावर रोज चालून तळव्यांना जखमा होतात आणि त्या चिघळल्या की महिनोन् महिने बऱ्या होत नाहीत. गिनीपिगच्या तळव्यावर केस नसतात. हे मला माहीत होतं. म्हणूनच खाली मी फ्लीस घालते. रॅम्पला जाळी आहे हे खोक्यावरच्या फोटोत दिसत नाही, कारण फोटोत त्यावर हिरवं कापड पसरलेलं आहे. ते कापड खोक्यात येत नाही.

दुसरा फोन त्याच संध्याकाळी केला. 'निरोप पोचवतो.' तिसऱ्या फोनवर फोटो पाठवायला सांगितले. मी मोजपट्टी लावून सहा फोटो पाठवले. चढाचा, फटीचा, जाळीचा आणि वरच्या मजल्याच्या त्या तीन सेंटिमीटरच्या काठाचा, जो भुसा घातला की भुशाखालीच जातो आणि मग ४० सेंटिमीटर उंचीवर प्राण्याला अडवायला काहीच उरत नाही. पोच नाही, उत्तर नाही. तुमच्या उत्तराची वाट बघण्यात परत करायचे सात दिवस उलटून गेले.

आणि आजचा चौथा फोन. हा मी शब्दन् शब्द लिहिते आहे, कारण तुम्ही संभाषण रेकॉर्ड करता म्हणे. काढून ऐका.

मी विचारलं, रॅम्पचा चढ किती अंशांचा आहे? तो म्हणाला, 'मॅडम, कोणत्या रंगाचा घेतला आहे?' मी म्हटलं, रंगाचा काय संबंध? 'सिस्टिममध्ये रंग टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.' रंग सांगितला. मग अकरा मिनिटं संगीत. परत आला तो म्हणाला, 'मॅडम, तुमच्या हॅमस्टरचं वय काय?' मी सांगितलं, हॅमस्टर नाही, गिनीपिग आहेत. 'हो हो, तेच.' ते तेच नाहीत. हॅमस्टर मूठभर असतो आणि जाळी धरून चढतो. गिनीपिग किलोभर वजनाचा असतो आणि चढत नाही. हा फरक तुमची वस्तू विकणाऱ्याला माहीत नसेल तर तो मला सल्ला कशाच्या जोरावर देतो? पुढे दोनदा तो पुन्हा हॅमस्टरच म्हणाला आणि दोन्ही वेळा मी दुरुस्त केलं.

मग मी सांगितलं की एकीला इजा झाली आणि दुसरी म्हातारी आहे, ती रॅम्पजवळ जातच नाही. त्यावर त्याने जे सांगितलं ते असं: 'मॅडम, सोपं आहे. खाणं सगळं वर ठेवा आणि खालचं दोन दिवस बंद करा. भूक लागली की आपोआप चढेल.'

मी काही क्षण बोलूच शकले नाही. मग विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? 'ट्रेनिंगमध्येच सांगतात मॅडम.'

गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. दिवसभर, रात्रभर तो गवत चघळत असतो. बारा तास त्याने तोंड लावलं नाही तर पाळणारा माणूस डॉक्टरकडे धावतो, कारण आतडी मंदावतात, गॅस धरतो आणि एका दिवसातही गोष्ट हाताबाहेर जाऊ शकते. दोन दिवस उपाशी ठेवलेली पाच वर्षांची भुरी रॅम्प चढणार नाही, मरेल. तुमचा माणूस हे हसतमुखाने सांगत होता आणि शेवटी म्हणाला, 'रेटिंग द्यायला विसरू नका.' मी असे प्राणी बरीच वर्षं सांभाळले म्हणून मला कळलं. एखाद्या घरात पहिल्यांदाच गिनीपिग आला असेल, फोन एखाद्या मुलाने केला असेल, तर तो विश्वास ठेवून खालचं खाणं बंद करेल. त्याचं उत्तर कोण देणार?

माझं म्हणणं मजलाच नको असं नाही. वीस-बावीस सेंटिमीटर उंचीचा, भरीव तळाचा, चहूबाजूंनी हातभर कठडा असलेला, भिंती असलेल्या लांब आणि खरखरीत रॅम्पचा माळा असेल तर मी आनंदाने लावेन. वर गवताचा पसारा राहतो, खालचा तळ कोरडा राहतो आणि माळ्याखाली आयती सावली मिळते. घाबरट भुरीला डोक्यावर छप्पर असलं की फार बरं वाटतं. पण खाणं आणि पाणी दोन्हीकडे ठेवावं लागतं. नाहीतर तरतरीत असते ती रॅम्पच्या तोंडाशी बसते आणि दुसरीला वर येऊ देत नाही. हे सगळं तुमच्या माहितीपत्रकात असायला हवं होतं. माहितीपत्रकात स्क्रू कसे लावायचे तेवढंच आहे.

मला वाईट याचं वाटतं की तुमचा मूळ पिंजरा चांगला आहे. पाच वर्षं झाली, कडी सैल झालेली नाही, तळाचा ट्रे कुठे तडकलेला नाही. मी स्वतः तीन घरी तो घ्यायला लावला. त्या तिघांनाही मी आता फोन करून सांगितलं आहे की वरचा मजला घेऊ नका. त्यातल्या एकीने मागवलेला होता, तिने तो रद्द केला.

मला पाहिजे ते असं. मजल्याचे पूर्ण पैसे परत, किंवा त्याच पैशांत त्याच पिंजऱ्याला जोडता येईल असा ६० बाय ६० चा जोडतळ. तो तुम्ही बनवता हे मला माहीत आहे, तुमच्या माणसाला माहीत नव्हतं. तळाला तळ जोडला की ती लांबी १८० होते आणि चिंगीला पुन्हा धावता येतं. त्याबरोबर डॉक्टरांचं बिल, सोबत जोडलं आहे. 'जागा दुप्पट' ही ओळ खोक्यावरून काढा. रॅम्पचा चढ अंशांत छापा. आणि ट्रेनिंगमध्ये खाणं बंद करायचा सल्ला खरोखर शिकवला जातो का, याचं लेखी उत्तर द्या. फोन करू नका. फोनवर मला आता तुमच्याशी बोलायचं नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सहा फोटो, डॉक्टरांचा कागद आणि आजच्या फोनची तारीख-वेळ घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. ही धमकी म्हणून लिहीत नाही, अर्ज भरायला घेतला आहे.

मजला काढून मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. रॅम्पवरचं रक्त मी पुसलेलं नाही. चिंगीची पट्टी परवा सुटेल. आणि रॅम्पचा चढ किती अंशांचा आहे, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

आपली ग्राहक
(तक्रारीचा क्रमांक तोच, जो तुम्ही आज बंद केलात)