खापर कुठे ठेवायचं?

ती. नानांस आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

नाना, तुम्ही पाठवलेलं नव्या स्वयंपाकघराचं चित्र काल रात्री मोबाइलवर मोठं करकरून पाहिलं. दिसायला झकास आहे. पण सुतारभाऊंनी ते ज्या घरासाठी काढलंय, ते घर आठवड्याचा किराणा आणतं, तोही किलो-किलोच्या पुड्यांत. आपल्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे वर्षाचं भरतात. गहू, दादर ज्वारी, तूर, उडीद, मिरच्या, वरून ज्वारीचे बिबडे, कुरडया, शेवया. या चित्रात गहू कुठे ठेवायचा, सांगा बरं? मला तर जागा सापडली नाही. सापडले ते छताला टेकलेले आठ खण. आई, तिथपर्यंत तू स्टुलावर चढून जाणार. आता नाही म्हणशील, आणि आम्ही फोन ठेवला की चढशील.

मागच्या दिवाळीत पोह्यांचा डबा काढताना स्टूल हललं आणि तू फळी धरून लटकलीस, हे मला तुम्हा दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. शेजारच्या काकूंकडून कळलं. तेव्हा गिळलेला राग आज या पत्रात काढते आहे असं समजा.

म्हणून वरचे खण निम्मे काढून टाका. उरतील त्यांत पाहुण्यांची ताटं, थर्मास, वर्षातून एकदा लागणारं असलं हलकंसलकं काहीतरी. रोज हात लागतो ते सगळं आईच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात आलं पाहिजे. ओट्याखाली दारांची कपाटं नकोत, ट्रॉल्या करा. दाराचं कपाट म्हणजे वाका, आत डोकं घाला, पुढचे चार डबे बाहेर काढा, मग मागची मेथी सापडणार. ट्रॉली ओढली की वरून सगळं दिसतं. झाकणांवर मी मोठ्या अक्षरांत नावं लिहून देईन, म्हणजे नाना चहात रव्याऐवजी साखरच टाकतील. जड डब्यांच्या ट्रॉलीला टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या, घ्यायला सांगा, निदान ३५ ते ४५ किलो पेलणारे. इथे पैसे वाचवू नका. हलका चॅनल सहा महिन्यांत वाकतो आणि मग ट्रॉली दोन हातांनी हिसका देऊन उघडावी लागते. आईच्या मनगटाला ते कसं जमेल? मुठीही त्या बारीक गोल नकोत. चार बोटं आत जातील अशा लांब हव्यात.

आता माप. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा, ज्यात तू डाळी भरतेस, तो जवळजवळ १४ इंच उंच असतो. वर झाकण उघडायला बोटं जायला हवीत. म्हणजे खण १६ इंचांचा तरी हवा. चित्रातला सगळ्यात उंच खण आहे १३ इंचांचा! भाऊंना एक भरलेला डबा हातात द्या आणि म्हणा, ठेवून दाखवा.

गव्हाचं तर विचारूच नका. एका क्विंटलला साधारण १३० लिटर जागा लागते. एवढं कुठल्याच ट्रॉलीत मावत नाही. पत्र्याची कोठी मोडीत काढू नका, तिला लपवायचीही गरज नाही. फक्त पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. मे महिन्यात दुपारी त्या भिंतीला हात लावून बघितलाय ना? आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत ती भिंत रात्री दहापर्यंत ऊब सोडते, आणि उबेत किडे फार लवकर वाढतात. कोठी उत्तरेच्या भिंतीला, चार बोटं अंतर सोडून, खाली लाकडी फळी. नुसती फरशी श्रावणात ओल धरते. बाकी गहू कडक वाळलाय की नाही ते तू दाताखाली दाणा धरून ओळखतेसच. कट्ट आवाज आला की भरायचा, नुसता चेपला की अजून दोन उन्हं. ही परीक्षा मी पुण्यात लोकांना सांगते तेव्हा ते हसतात, आणि मग त्यांच्या गव्हात टोके निघतात.

कडप्प्याचे जुने कप्पे भाऊ फोडायला निघालेत, जुनाट दिसतात म्हणे. दिसू देत. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही, वर तेल सांडलं तर पुसून मोकळं. पुढे फक्त दारं लावा, आणि एका दाराला जाळी ठेवा. तिथे कांदे-लसूण राहतील. बटाटे मात्र दुसऱ्या टोपलीत, कांद्याजवळ नको, लवकर खराब होतात.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. २०१९ मध्ये आम्ही इथलं स्वयंपाकघर केलं तेव्हा कारागिराने सिंकखाली "मरीन प्लाय" म्हणून चक्क भुशाचा दाबलेला बोर्ड लावला होता. वरून सनमायका, कळणार कसं? पहिल्याच पावसाळ्यात नळाखाली थेंब थेंब गळलं आणि तळ भिजलेल्या पावासारखा फुगला. बिजागरीचा स्क्रू हातात आला, त्याला चिकटून ओला भुसा. तेव्हा प्लाय आला की सनमायका चिकटवायच्या आधी शीट उलटून बघा. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० छापलेलं असतं. सिंकखाली दुसरं काही चालणार नाही. आणि कोपऱ्यातलं ते खोल कपाट तर करूच नका. आमच्या तशा कपाटात तू दिलेल्या कुरडयांचा डबा दोन वर्षं हरवला होता. हे तुला आजच कळतंय.

सिलिंडरचंही एक. चित्रात तो बंद कपाटात कोंडलाय. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून त्या दाराला अगदी जमिनीलगत जाळी किंवा भोकं हवीत. वर ठेवून उपयोग नाही.

राहिलं खापर. आई, चित्रात सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटली. मायक्रोवेव्हला जागा आहे, जो तुमच्याकडे नाही. आखाजीला पुरणाच्या पोळ्या ज्यावर होतात त्या मातीच्या पालथ्या खापराला नाही. ते आता जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर आहे, म्हणजे पुन्हा स्टूल. ओट्याच्या टोकाशी, पाण्याच्या माठापलीकडे, दार नसलेला एक ठेंगणा कप्पा सोडायला सांगा, तळाशी घडीची गोधडी. तिथून ते दोघांनी मिळून सरकवून काढता येईल, उचलायला लागणार नाही. त्यासाठी मला त्याचं माप हवं. पोटाभोवती सुतळी फिरवू नको, घेर नकोय. पालथं ठेवून आडवं किती आणि उंच किती, एवढे दोन आकडे. नानांनी टेप धरावी, तू वाचून सांग. माळ्यावरून खाली काढायला काकूंच्या मुलाला बोलवा.

भाऊ मंगळवारी येणार ना? त्याआधी कळवा.

तुमची लेक

ता. क. यंदा दोघांसाठी दोन क्विंटल गहू नको, असं लिहिणार होते. मग आठवलं, त्यातला निम्मा आमच्याकडेच येतो. तुमचं तुम्ही ठरवा.