पंधरा वर्षे झाली म्हणून गाडी भंगारात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि तेव्हापासून ‘जुनी द्या, नवी न्या’ या जाहिरातींना ऊत आला आहे. नेमक्या याच सुमारास आमच्यासारख्या अनेकांच्या गाड्यांची पंधरा वर्षे भरली. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत जो तो सांगतो, ‘सरकारने पंधरा वर्षांच्या गाड्या बाद केल्यात, आता भंगारातच घालायची.’ हे खरे नाही. या गैरसमजावर काही जणांची दुकाने मात्र छान चालली आहेत, म्हणून हे पत्र.

पंधरा वर्षांची मुदत नोंदणीची असते. ती संपली की गाडी आरटीओत तपासून घ्यायची, पर्यावरण कर आणि शुल्क भरायचे, की पुढच्या पाच वर्षांचे पासिंग मिळते. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर येऊ न देण्याचा दंडक राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून आला. तो दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता आहे, महाराष्ट्रात तसे काही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या स्क्रॅप धोरणातही खासगी गाडी नुसत्या वयावरून मोडीत काढा असे म्हटलेले नाही. तपासणीत नापास झाली तर काढा, असे आहे. सरकारी गाड्यांचे वेगळे. त्या पंधरा वर्षांनंतर एप्रिल २०२३ पासून बादच होतात, आणि घोटाळा बहुधा तिथूनच झाला असावा. नूतनीकरण महागले हे मात्र खरे. मोटारीला सहाशे रुपये लागत, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार.

माझी गाडी २०१० ची, एक लिटरच्या आतली पेट्रोल मोटार. आम्ही दोघेच घरात, निवृत्त. मंडई, दवाखाना, लग्नकार्य, कधी अक्कलकोट, कधी तुळजापूर. वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर होतात. मुलीचे म्हणणे, ‘बाबा, आता ही काढा आणि नवी घ्या.’ तिला उत्तर द्यायचे म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. आयुष्य बँकेत आकडे मांडण्यात गेले, सवय सुटत नाही.

सहा लाखांची गाडी धरा. पेट्रोल मोटारीला महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११ टक्के कर आहे, म्हणजे ६६ हजार. विमा वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत सात लाख. ते मुदत ठेव मोडून द्यायचे, तर सात टक्क्यांनी वर्षाचे ४९ हजार व्याज बुडाले. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी होते, म्हणजे वर्षाला सरासरी ६० हजार. लाखाच्या वर रक्कम गाडी दारात उभी असतानाच गेली. पेट्रोल, सर्व्हिसिंग अजून बाजूलाच. जुन्या गाडीवर माझा दुरुस्तीचा खर्च वर्षाला वीस हजारांच्या आसपास असतो. मागे क्लच प्लेट आणि लोअर आर्म एकदम निघाले तेव्हा थोडा वाढला होता. तिचा थर्ड पार्टी विमा २०९४ रुपये अधिक कर. सोलापुरातल्या उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला तर बिल मोठे येईल हे मला माहीत आहे, पण तोही दरवर्षी जाणार नाही. खरे तर निव्वळ पैशांचेच बघायचे तर लाख रुपयांत रोज पावणेतीनशे रुपयांची रिक्षा होते. हे मी घरात बोललो नाही.

आता भंगाराच्या सवलतींकडे वळतो, कारण जाहिरातींचा सगळा जोर त्यांच्यावर आहे. माझ्या गाडीला वजनावर मला बावीस हजारांचा भाव सांगण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये वाहन कंपन्यांनी एका वर्षापुरती कबूल केलेली सूट शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा वीस हजार, यांतली जी कमी ती होती. ती अजून मिळते असे धरले तरी सहा लाखांवर नऊ हजार. नव्या खासगी गाडीच्या करात केंद्राच्या नियमाने जास्तीत जास्त २५ टक्के सवलत देता येते. राज्याने ती पूर्ण दिली असे धरले तरी साडेसोळा हजार. बेरीज साडेसत्तेचाळीस हजार. तीच गाडी चालू स्थितीत विकायला काढली तर ऐंशी हजारांचे गिऱ्हाईक दोनदा दारात येऊन गेले. मग चालती गाडी भंगारात कोण देईल? कोणीच नाही. ती तालुक्याच्या गावी जाते आणि आणखी दहा वर्षे तिथे धूर सोडते. धोरणाच्या कागदावर ‘जुनी गाडी रस्त्यावरून गेली’ असे दिसले, तरी प्रत्यक्षात तिचा फक्त रस्ता बदलतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. कराची आणि कंपनीची या दोन्ही सवलती नवी गाडी घेणाऱ्याला आहेत. माझ्यासारख्या एखाद्याने गाडी मोडीत देऊन यापुढे गाडीच नको असे ठरवले, तर त्याच्या हाती फक्त लोखंडाचा भाव. मोडीत देताना जे ठेव प्रमाणपत्र मिळते ते दुसऱ्याला विकता येते अशी तरतूद आहे, पण ते कुठे आणि कितीला विकायचे हे मला आमच्या गावात कोणी सांगू शकलेले नाही. प्रदूषण कमी करणे हा हेतू असेल, तर गाडीच सोडणाऱ्याला बक्षीस आधी मिळायला हवे होते.

प्रदूषणाचेही गणित करून पाहिले. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. माझी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते, नवी वीस देईल. चार हजार किलोमीटरला वर्षाचे ६७ लिटर वाचतील, म्हणजे दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड आणि सात हजार रुपये. नव्या छोट्या गाडीत अर्धा टन पोलाद तरी असते, आणि एक टन पोलाद तयार करताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नुसत्या पत्र्याची भरपाई व्हायलाच मला सात वर्षे लागतील. बाकीचे सुटे भाग, काच, प्लॅस्टिक, रंग मोजलेच नाहीत. याउलट माझा भाचा औषध कंपनीत फिरतीवर आहे, वर्षाला वीस हजार किलोमीटर सहज होतात. त्याचा तोच हिशेब दीड वर्षाच्या आत सुटतो. त्याला मी स्वतः सांगितले, बदल. गाड्या एकाच वर्षाच्या, उत्तरे दोन.

जागेनेही फरक पडतो. आमची सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे माझ्या गाडीचा तळपत्रा अजून शाबूत आहे. रबरी होज मात्र उन्हाने तडकतात. मालवणकडचे एक व्याही आहेत. त्यांच्या गाडीचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने बाराव्या वर्षीच इतका सडला की पाय टेकवायची भीती. वयाने ती माझ्या गाडीपेक्षा लहान. इंजिनांचेही तसेच. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ हे धुराचे कडक मानक ज्या तेरा शहरांत आधी लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर होते. बाकीचा बराच देश २०१७ पर्यंत मागेच राहिला. म्हणजे आमच्याकडची २०१० ची गाडी आणि दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातली २०१४ ची गाडी यांत आमची स्वच्छ असू शकते. शुल्क वाढवताना हे कोणी पाहते का?

इथेनॉलमिश्रित पेट्रोलबद्दलही चार शब्द. २० टक्के मिश्रणाने जुन्या घडणीच्या मोटारींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. मायलेज घटले, रबराचे भाग आधी बदलावे लागले, की मेस्त्री म्हणतो ‘साहेब, गाडी म्हातारी झाली’. गाडीला न मानवणारे इंधन पंपावर दुसरा पर्याय न ठेवता द्यायचे आणि दोष तिच्या वयाला लावायचा, हे काही बरोबर नाही.

मग नव्या गाडीच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि तो मुद्दा मुलीनेच काढला. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारे एबीएस नाही. चालकासाठी एअरबॅग सर्व मोटारींना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्यासाठी त्यानंतर. एबीएसही २०१९ चेच. भारताची स्वतःची अपघात-चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. पुणे-सोलापूर महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांमागे आणि कंटेनरच्या मधून शंभरच्या वेगाने जाताना या गोष्टी आहेत की नाहीत, यावर जीव अवलंबून असतो. इथे मायलेज आणि व्याजाचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. ज्यांना आठवड्या-पंधरवड्याने महामार्ग गाठावा लागतो, लहान मुले मागे बसवावी लागतात, त्यांनी जुनी गाडी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, ती कितीही कमी चाललेली असली तरी. आम्ही ठरवले आहे की पुण्याला मुलीकडे जायचे ते हुतात्मा एक्स्प्रेसने. तुळजापूरचा रस्ताही आता चौपदरी आणि वेगाचा झाला आहे, त्यामुळे तिथेही गाडी नेणे थांबवले. गावात चाळीसच्या वर काटा जात नाही. तेवढ्यापुरते पुढच्या पाच वर्षांचे पासिंग करून घेतले. नवी नंबरप्लेटही बसवली, तिचे ७४५ रुपये अधिक कर.

ज्यांची गाडी खरोखर संपली आहे, म्हणजे निळा धूर सोडते, पत्रा सडला आहे, एका दुरुस्तीला तिच्या निम्म्या किमतीएवढे पैसे मागते, त्यांनी ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावी. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर तो दोन-तीन हजार जास्त देईलही, पण नोंदणी तुमच्याच नावावर राहते. तिचा नंबर दुसऱ्या गाडीवर फिरू लागला तर पोलीस तुमच्या दारात येतात. स्क्रॅप केंद्राकडून प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याचे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर बघूनच निश्चिंत व्हा. गाडी देण्याआधी सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे ना, हेही बघा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात आणि तो वाटेत गायब होतो असे ऐकतो.

शासनाकडे मागणी एवढीच की शुल्क वयावरून चढवण्याऐवजी तपासणी खरी करा. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. स्वयंचलित तपासणी केंद्रात ब्रेक, सस्पेन्शन, पत्रा, धूर बघून त्याचा कागद मालकाच्या हातात द्या. वर्षाला किती चालली तेही त्यात येऊ द्या. नापास झाली तर मी स्वतः ती स्क्रॅप केंद्रापर्यंत ढकलत नेईन.

आणि आपल्याला विनंती : जिल्हावार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांची यादी आणि त्यांचे किलोमागे भाव महिन्यातून एकदा छापावेत. कांद्याचे छापताच.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर