बाळंतपण म्हणजे राजीनामा नव्हे

अंबडच्या एका कारखान्यात माझी धाकटी जाऊ चार वर्षे पॅकिंगला होती. सातवा महिना लागला तसा सुपरवायझरने तिच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली. 'बाळंत होऊन या, मग बघू,' म्हणाला. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर ती डबा घेऊन गेटवर गेली, तर कार्ड बंद आणि त्या कोऱ्या कागदाचा राजीनामा झालेला!

प्रसूती रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच बेकायदा आहे. 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरलेले हवे, एवढेच. कंत्राटी असली तरीही. अंबड-सातपूरच्या किती बायकांना हे कुणी सांगितले आहे?

मैत्रिणींनो, कोऱ्या कागदावर सही करू नका. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पगाराच्या पावत्या जपून ठेवा. कामगार खात्याने हा नियम प्रत्येक गेटवर ठळक मराठीत लावून घ्यावा. जावेची तक्रार आम्ही सोमवारी दिली आहे.

– एक वाचक, सिडको, नाशिक