गाडी घेण्याआधी

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. फिरत्या दवाखान्याच्या गाडीसाठी निम्मी वर्गणी जमली म्हणतेस. रागावू नकोस, पण गाडी घेण्याआधी एकदा जामखेडला जाऊन ये. मी गेल्या महिन्यात गेले होते, तेव्हापासून तुला लिहीन लिहीन म्हणतेय.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० साली तिथं गेलं. दोघं वेल्लोरला शिकलेले. आधी त्यांनाही आपल्यासारखंच वाटलं, शिकलेल्या नर्स खेड्यात ठेवल्या की झालं. पण नर्सबाई काही गावात रमेनात. मग गावानंच निवडून दिलेल्या बायका घेतल्या. बहुतेकींना अक्षरओळख नाही, कितीतरी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामाला यायच्या. एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं, आणि झोपायला सगळ्यांत मिळून एकच भलंमोठं पांघरूण! ते पांघरूण काही माझ्या डोक्यातून जात नाही. थंडीच्या रात्री एकीनं ओढलं की दुसरी उघडी. शिवाशिव पाळणार तरी किती वेळ?

दुष्काळात हातपंप खोदले तेही मुद्दाम दलित वस्तीत. पाणी हवं तर या तिकडं.

त्या बायका काय शिकल्या? बाळाचं वजन करायचं, बाळंतपण स्वच्छ हातांनी करायचं, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. अगं, आपली आजी बाळंतिणीचं चिकाचं दूध पिळून टाकायला लावायची, आठवतं? डॉक्टरनं कितीही समजावलं तरी आजी ऐकली नसती. शेजारच्या काकूनं स्वतःच्या सुनेला ते पाजताना पाहिलं असतं, तर कदाचित ऐकली असती. जामखेडच्या बायका गावात हेच करत होत्या. तिथं हजार बाळांमागे १७६ दगावायची, तो आकडा दोन दशकांत कितीतरी खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

हे सगळं फार सावकाश झालं, हेही सांगते. तुझ्या वर्गणीदारांना वर्षभरात फोटो हवे असतील, आणि शिकणाऱ्या बायकांचे फोटो गाडीइतके झोकदार येत नाहीत. शिवाय गाडी आठवड्यातून एकदा येणार आणि ताप तर रात्री दोनला चढणार. तेव्हा दार कुणाचं वाजवायचं?

तुमच्या वाडीतली ती बांगड्या विकणारी बाई, जिला गावभरच्या सुना मनातलं सांगतात, तिला आधी विचार. वर्गणीतले थोडे पैसे तिच्यासारख्या चार-पाच जणींच्या शिकण्यावर लाव. उरलं तर गाडी बघू.

दिवाळीनंतर दोन दिवस काढ. नगरला भेटू, तिथून एसटीनं जाऊ. तिलाही सोबत आण, तिकीट माझ्याकडे.

तुझी,
शैला