तापीच्या करारात खाडीचाही वाटा हवा : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
सा. न. वि. वि.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. 10 मे 2025 रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी महापुनर्भरणाच्या, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवून भूजल वाढवण्याच्या प्रकल्पाच्या, करारावर सह्या केल्या, तेव्हा मनापासून आनंद झाला. आमच्याकडे विहिरींचं पाणी दरवर्षी खाली चाललंय. हा प्रकल्प आम्हाला हवाच आहे.

पण त्या करारात गुजरात नाही, आणि तापी तर तिथेच समुद्राला मिळते.

मुलताईहून निघालेली आपली तापीमाय 724 किलोमीटर चालून सुरतेपुढे खंभातच्या आखातात जाते. तिथल्या खाडीच्या चिखलात तिवराची झाडं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळं बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि मासळीची पिल्लं वाढतात. खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या या झाडांनाही वरून गोडं पाणी आणि गाळ लागतो. तो पाठवायचा कुणी? खोऱ्याचा जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे, म्हणजे आपणच. तापीवरची धरणं आणि बंधारे बघा : हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे गुजरातेत उकाई. प्रत्येक भिंतीमागे थोडं पाणी आणि गाळ अडतोच. शिवाय आम्ही केळीला टाकलेला युरिया पहिल्या पावसात नाल्यांतून नदीत उतरतो, काठच्या गावांचं सांडपाणीही. हे मी आमची चूक म्हणूनच लिहितोय.

खाडीपर्यंत किती पाणी पोचलंच पाहिजे, ते मोजून करारात लिहा, एवढंच मागणं आहे.

कांदळवन म्हणजे या तिवरांसारख्या खाडीतल्या झाडांचं जंगल. त्यासाठी महाराष्ट्राने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. 2021 च्या वन सर्वेक्षणात आपलं कांदळवन 324 चौरस किलोमीटर, तर गुजरातचं 1,175. दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या आंतरराज्य नियंत्रण मंडळाच्या पुढच्या बैठकीला गुजरातला बोलवा. कांदळवन कक्षाचे अधिकारी आणि सुरतकडचे मच्छीमारही असू द्या. आषाढ शुद्ध सप्तमीला मुलताईत, खान्देशात आणि सुरतेत तापीचा जन्मोत्सव होतो. तीच तिथी धरा. जागा चांगदेवची, पूर्णा-तापीच्या संगमावरची. युरिया कमी कसा करायचा, ते बोलायला आम्ही शेतकरी तिथे येऊ.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी
ता. रावेर, जि. जळगाव