सरोवर एक, मग नियमही एकच हवा

महोदय,

भिगवणच्या मासळी बाजारात जिचा लिलाव होतो ती चिलापी, म्हणजेच तिलापिया, मुळात आपली नव्हे. ती मोझांबिककडची. 1952 साली भारतात आली आणि पुढे उजनीत अशी माजली, की पूर्वीचे मासे आता जाळ्यात शोधावे लागतात. म्हणूनच आफ्रिकेतली मत्स्यशेती मला परकी वाटत नाही. तिथल्या देशांनी ती मिळून करावी, असे कळकळीने वाटते.

व्हिक्टोरिया सरोवर पाहा. साधारण निम्मे पाणी टांझानियाचे, केनियाचे जेमतेम 6 टक्के, बाकीचे युगांडाचे. अलीकडच्या वर्षांत केनियाच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यातही तिलापियाचे पिंजरे, म्हणजे पाण्यात सोडलेल्या जाळीत मासे वाढवणे, भराभर वाढले. 2022 च्या अखेरीस केनियातल्या किसुमू शहराकडे पिंजऱ्यांतले मासे मोठ्या प्रमाणावर मेले. पाण्यातला प्राणवायू घटला होता.

माझ्या शेततळ्यात हे एकदा घडले आहे. पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर सगळे मासे वर येऊन तोंड वासत होते. पंप लावून पाणी उडवायला सुरुवात केली, पण उजाडेपर्यंत निम्म्या माशांची पांढरी पोटे तरंगू लागली होती. ते नुकसान माझ्या बांधाच्या आतच राहिले. सरोवराला असा बांध नसतो. घानाच्या व्होल्टा सरोवरात 2018 मध्ये विषाणूने पिंजरेच्या पिंजरे रिकामे केले, आणि व्होल्टाचे खोरे तर सहा देशांत पसरले आहे.

व्हिक्टोरियाकाठच्या देशांची मत्स्यसंस्था 1994 मध्ये स्थापन झाली. तिचे कार्यालय युगांडात जिंजा येथे आहे. कुठल्या खाडीत किती पिंजरे, बोटुकली (वाढवायची छोटी पिल्ले) कुठून आणायची, रोग दिसल्यावर शेजाऱ्याला किती तासांत कळवायचे, हे ठरवण्याचा अधिकार या संस्थेला मिळाला पाहिजे.

मत्स्यबीजाचा प्रश्न नाजूक आहे. जगभर गाजलेली ‘गिफ्ट’ नावाची सुधारित तिलापिया 1988 पासून फिलिपिन्समध्ये घडवली गेली, तीही इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून नेलेल्या रानमाशांपासून. मायबीज आफ्रिकेचेच! पण तेच सुधारित वाण परत आणून सरोवरात सोडले, तर रानातल्या भाईबंदांशी त्याचा संकर होणार. व्हिक्टोरियात हा धडा आधीच मिळालेला आहे. 1950 च्या दशकात तिथे नाईल तिलापिया सोडली गेली, पुढे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा माजला, आणि तिथला मूळचा न्गेगे मासा जवळपास नाहीसाच झाला. इजिप्तने अब्बासा आणि घानाने अकोसोंबो हे वाण आपापल्या पाण्यातल्या माशांपासून तयार केले. तसेच प्रत्येक खोऱ्याने सामायिक बीजकेंद्र काढून तिथल्याच माशांची निवड करावी. खर्चही वाटला जाईल.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती खाद्याची. मत्स्यशेतीतला निम्म्याहून अधिक खर्च त्यावरच होतो. या सरोवरात बोटाएवढा चंदेरी मासा मिळतो. टांझानियात तो डागा, केनियात ओमेना, युगांडात मुकेने. वाळूवर, जाळ्यांवर सुकवून तो विकतात. आपल्याकडे सुकट असते, तसे ते गरिबाघरचे कालवण. हाच मासा दळून कोंबड्यांच्या आणि पिंजऱ्यातल्या माशांच्या खाद्यात घालतात. म्हणजे महाग तिलापिया पोसण्यासाठी स्वस्त मासा ताटातून जातो. सोयाबीन, पेंड, माशीच्या अळ्या असे पर्याय आहेत, त्यांवर या देशांनी एकत्र पैसा लावावा. आणि डागा किती दळायचा याची मर्यादा तिघांनी मिळून घालावी. एकट्या देशाने घातली, तर भुकटी पलीकडच्या किनाऱ्यावरून येईल.

– एक मत्स्यशेतकरी, भिगवण (ता. इंदापूर)