दादरच्या पुलावरच्या मुलींना आणि फिजिओच्या मॅडमना

दादरच्या पुलावर डाव्या पायातून अशी कळ गेली की कठडा धरूनच उभी राहिले. माझी पिशवी घेऊन मला जिना उतरवणाऱ्या त्या दोघी कॉलेजच्या मुली आणि मुलुंडपर्यंत स्वतः उभं राहून मला जागा देणाऱ्या ताई, तुमची नावं विचारायची राहूनच गेली. मनापासून आभार.

सगळ्यात मोठं ऋण आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमचं. सायटिकाची नस शरीरातली सर्वांत जाड. कमरेखालच्या मणक्यांतून निघून नितंबामागून पायात उतरते. माझी मणक्यातली गादी सरकून ही नस मुळाशीच दाबली जात होती. मॅडमनी मला झोपवून न ठेवता चालतं ठेवलं. पालथं झोपायचं, कोपरांवर हळूहळू छाती उचलायची, आणि दर वेळी त्यांचा प्रश्न, "आता कळ कुठपर्यंत जाते?" पोटरीतलं दुखणं मांडीत आलं, मग कमरेत. कंबर जास्त ठणकायला लागली तशी मी घाबरले. त्या म्हणाल्या, "पायातून वर सरकतंय ना? हेच हवंय."

हा व्यायाम प्रत्येकाला चालतोच असं नाही, तपासून घेतल्याशिवाय करू नका. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर लगेच हॉस्पिटल गाठा. हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेखाली सरकवणाऱ्या मावशी आणि मला गर्दी ओसरल्यावरची वेळ देणारे रिसेप्शनवरचे दादा, तुमचेही खूप आभार.